जॉयस्टिकने विमान उडवताना: जोडणीपासून धावपट्टीवर उतरेपर्यंत

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा प्रोग्रॅम, नव्याने सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकच अडचण येते. विमानाचे नाक वर जाते. ते खाली आणायला जॉयस्टिक पुढे ढकलावी तर नाक क्षितिजाखाली घसरते. मग पुन्हा मागे ओढा, पुन्हा पुढे ढकला. थोड्या वेळाने मनगट दुखू लागते आणि विमान अजूनही डुलतच असते. यात विमानाचा दोष नसतो आणि उडवणाऱ्याचाही फारसा नसतो. जॉयस्टिक खऱ्या विमानाच्या दांड्यापेक्षा तीन बाबतींत वेगळी आहे. हे तीन फरक समजले की पुढची प्रत्येक सेटिंग आणि सवय का लागते ते उलगडते.

पहिला फरक हालचालीचा. सेस्ना १७२ या छोट्या विमानात योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, बराच पुढेमागे सरकतो. टेबलावरची जॉयस्टिक तेच काम मुठीच्या काही सेंटिमीटर हालचालीत करते, त्यामुळे हाताची बारीकशी चूक विमानापर्यंत मोठी होऊन पोहोचते. दुसरा फरक जोराचा. छोट्या विमानात वेग वाढला की एलरॉन (विमान बाजूला झुकवणारे पंखांवरचे हलते भाग) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग) यांच्यावरचा हवेचा दाब वाढतो आणि दांडा जड लागतो. वैमानिकाचा हात त्या जडपणावरूनच वेग ओळखतो. जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र ६० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि १२० नॉटला सारखीच लागते. हात काही सांगत नाही, म्हणून वेग वाढला की हालचाल लहान करायची हे डोक्याने लक्षात ठेवावे लागते.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. तो म्हणजे मध्य. खऱ्या विमानात ट्रिमचे, म्हणजे नाक ठरलेल्या जागी टिकवणाऱ्या सोयीचे, चाक फिरवले की दांड्याची विसाव्याची जागाच बदलते. जॉयस्टिकला स्प्रिंग नेहमी एकाच मध्यावर आणते. म्हणून जॉयस्टिकने उडवण्याची कसोटी एकच धरावी: हात सोडला, काठी मध्यावर गेली, तरी विमान हवे तसेच उडत राहिले पाहिजे. तसे होत नसेल तर कुठले तरी काम अर्धवट राहिले आहे. खालचे सगळे या एका कसोटीसाठी आहे.

बैठक आणि पकड

जॉयस्टिक टेबलावर सरकत असेल तर कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही. तळाला रबरी पट्ट्या लावा, क्लॅम्प लावा, काहीही करा, पण तळ हलता कामा नये. हलणाऱ्या तळामुळे मध्य शोधण्यातच हाताची ताकद जाते.

कोपर आणि हाताचा पुढचा भाग टेकलेला हवा. खुर्चीचा हात आणि टेबल एका पातळीत असतील तर उत्तम. हात अधांतरी असला की त्याचे वजन काठीवर पडते आणि विमान हळूहळू एका बाजूला झुकत राहते. काठी मुठीत आवळू नका. अंगठा आणि दोन बोटे पुरतात. मूठ आवळली की हालचाल खांद्यातून येते, आणि खांद्याला बारीक हालचाल जमत नाही.

जोडणी आणि तपासणी

सिम्युलेटर उघडण्याआधी संगणकाला जॉयस्टिक नीट दिसते आहे का ते पाहा. विंडोजमध्ये 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' हा पर्याय शोधला की एक छोटी खिडकी उघडते. तिथे काठी हलवली की खूण हलते, बटण दाबले की दिवा लागतो. काठी सोडल्यावर खूण मधोमध येते का आणि स्थिर राहते का, हे नीट बघा. ती थरथरत असेल तर आतल्या पोटेन्शिओमीटरवर (काठीची जागा मोजणाऱ्या भागावर) धूळ किंवा झीज असू शकते. पोटेन्शिओमीटरमध्ये एक सरकता भाग पट्टीवर घासत असतो, त्यामुळे तो कालांतराने झिजतो. काही जॉयस्टिकमध्ये त्याऐवजी हॉल सेन्सर असतो. तो चुंबकीय क्षेत्रावर चालतो, त्यात काही घासत नाही. नवी जॉयस्टिक घेताना मी बटणांच्या संख्येपेक्षा ही गोष्ट आधी बघायला सांगेन.

खूण मध्यावर येत नसेल तर कॅलिब्रेशन करा. चारही टोकांपर्यंत काठी सावकाश न्या आणि मध्य नोंदवताना हात पूर्ण काढून घ्या.

आता सिम्युलेटर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन, डीसीएस वर्ल्ड किंवा विनामूल्य मिळणारा फ्लाइटगिअर, कुठलाही असला तरी चार अक्षांची नेमणूक सगळीकडे सारखी. काठी पुढे-मागे म्हणजे एलिव्हेटर, डावी-उजवी म्हणजे एलरॉन, काठीला दिलेला पीळ म्हणजे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा उभा भाग) आणि तळावरची सरकपट्टी म्हणजे थ्रॉटल (इंजिनाची ताकद). मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये मूळ प्रोफाइलला हात न लावता त्याची प्रत काढून तिच्यात बदल करा.

नेमणुकीनंतर विमान जमिनीवर उभे ठेवून बाहेरून बघा. काठी डावीकडे नेली की डाव्या पंखावरचे एलरॉन वर आणि उजव्यावरचे खाली गेले पाहिजे. काठी मागे ओढली की शेपटीवरचे एलिव्हेटर वर. उजवीकडे पीळ दिला की रडरची मागची कड उजवीकडे. थ्रॉटल पुढे नेल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पाहिजे. अनेक जॉयस्टिकवर हा अक्ष उलटा निघतो, तिथे 'रिव्हर्स'ची खूण करायची. ही तपासणी मिनिटभराची आहे, आणि खरे वैमानिकही प्रत्येक उड्डाणाआधी नियंत्रणे पूर्ण आणि योग्य दिशेने हलतात का ते बघतात.

एक सापळा इथे हमखास असतो. गेमपॅड, वेगळे थ्रॉटल किंवा पेडल जोडलेले असतील तर सिम्युलेटर एकच अक्ष दोन उपकरणांना देऊन ठेवतो. डीसीएसमध्ये हे फार वेळा होते. काठीला हात न लावता विमान आपोआप वळते किंवा थ्रॉटल झटके देते, तेव्हा आधी ही दुहेरी नेमणूक शोधा.

आपोआप रडर चालवणारी सोय बहुतेक सिम्युलेटरमध्ये असते. काठीला पीळ देण्याची सोय नसेल आणि पेडलही नसतील तर ती चालू ठेवा. रडरचा अक्ष असेल तर बंद करा, नाहीतर तुमचा हात आणि संगणक एकाच रडरशी झगडतील. एक्स-प्लेनमध्ये स्थैर्य वाढवणाऱ्या सरकपट्ट्या असतात, त्या शून्यावर ठेवलेल्या बऱ्या. त्या वर असल्या की विमान आपल्या चुका लपवते आणि हात शिकत नाही.

डेडझोन आणि कर्व्ह

डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचा तो पट्टा, जिथे काठी हलली तरी विमानाला काही कळत नाही. एलिव्हेटर आणि एलरॉनला शून्यापासून सुरुवात करा. काठी सोडल्यावरही विमान सरकत असेल तरच १-१ टक्क्याने वाढवा आणि ५ च्या आत थांबा. मोठ्या डेडझोनमध्ये हात आधी पोकळीतून जातो आणि मग विमान एकदम प्रतिसाद देते. उतरताना हे फार महागात पडते. पिळाच्या रडरला मात्र थोडा जास्त डेडझोन लागतो, कारण काठी बाजूला नेताना मनगट नकळत वळते.

कर्व्ह म्हणजे हाताची हालचाल आणि एलिव्हेटरची हालचाल यांचे नाते. सरळ रेषा असेल तर अर्ध्या काठीला अर्धा एलिव्हेटर. रेषेला बाक दिला की मध्याजवळ प्रतिसाद मऊ होतो आणि टोकाकडे तीव्र. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये यासाठी सेन्सिटिव्हिटीचा आकडा उणे करावा लागतो, डीसीएसमध्ये कर्व्हेचरचा आकडा वाढवावा लागतो. एलिव्हेटरसाठी उणे २५ ते उणे ३५, किंवा डीसीएसमध्ये १५ च्या आसपास, ही चांगली सुरुवात आहे. एलरॉनला थोडे कमी पुरते.

इथे थोडे थांबतो, कारण याच जागी चुकीचा सल्ला सर्वांत जास्त फिरतो. विमान डुलते म्हणून कर्व्ह आणखी वाढवा, असे सांगितले जाते. पण कर्व्ह काही फुकट देत नाही. मध्याजवळ जितका मऊपणा मिळतो तितकीच तीव्रता पुढच्या भागात जमा होते. उतरताना शेवटच्या क्षणी काठी बरीच मागे आलेली असते, म्हणजे नेमकी त्या तीव्र भागात. उणे ७० चा कर्व्ह लावून हवेत अगदी शांत उडणारे विमान धावपट्टीवर आपटते ते यामुळे. ट्रिम न करता काठी सतत पुढे दाबून उडणाराही कायम त्या तीव्र भागातच असतो, म्हणजे कर्व्हचा फायदा त्याला मिळतच नाही. कर्व्ह हा ट्रिमचा जोडीदार आहे, पर्याय नव्हे.

आणि एक गोष्ट सेटिंगमध्ये दिसत नाही: चित्राचा वेग. सेकंदाला १५-२० चौकटीच दिसत असतील तर विमानाचा प्रतिसाद डोळ्याला उशिरा कळतो, तोवर हाताने आणखी जोर लावलेला असतो. अशा वेळी कर्व्ह बदलण्यापेक्षा ढग, सावल्या आणि इमारतींची पातळी कमी करा.

बटणे

सर्वांत चांगली जागा ट्रिमला द्या. पकड न बदलता अंगठा जिथे पोहोचतो ती दोन बटणे, नाक खाली आणि नाक वर. काठीच्या माथ्यावरची छोटी हॅट (चारही दिशांना ढकलता येणारी कळ) बघण्याच्या दिशांसाठी, ट्रिगर चाकांच्या ब्रेकसाठी, ऑटोपायलट बंद करण्याचे बटणही काठीवरच. फ्लॅप (कमी वेगात उडता यावे म्हणून पंखांच्या मागे उघडणारे भाग), चाके, दिवे यांना तळावरची बटणे चालतात. बाकी सगळे कीबोर्डवर राहू द्या. सुरुवातीलाच प्रत्येक बटणाला काम दिले तर ऐन वेळी एकही आठवत नाही.

ट्रिम: खरी कळ

जमिनीपासून ३००० फूट उंचीवर सेस्ना १७२ एस घ्या, वारा शून्य ठेवा, इंजिन २३०० आरपीएमवर (मिनिटाला २३०० फेऱ्यांवर) आणा. काठीने नाक अशा जागी धरा की उंची स्थिर राहील, आणि वेग स्थिरावेपर्यंत तिथेच धरून ठेवा. घाई इथेच होते. वेग बदलत असताना केलेला ट्रिम पुढच्या क्षणी चुकीचा ठरतो.

वेग थांबला की स्वतःला विचारा, मी काठी पुढे दाबतोय की मागे ओढतोय? पुढे दाबत असाल तर नाक खाली नेणारा ट्रिम एकेक टिचकीने द्या. खऱ्या विमानात ट्रिम फिरवताच हातावरचा जोर कमी होत जातो. जॉयस्टिकमध्ये तो होत नाही. म्हणून प्रत्येक टिचकीबरोबर तुम्हीच हात किंचित मध्याकडे सैल करायचा. नाक जागचे न हलता काठी मध्यावर येईपर्यंत हे चालू ठेवा. मग बोटे काढून घ्या. विमान थोडे वरखाली झुलून आपल्या जागी स्थिरावले तर काम झाले.

ट्रिमने विमान वर चढवायचे किंवा खाली आणायचे नसते. नाक काठीने हलवायचे, आणि तिथे ठेवण्याचे ओझे ट्रिमवर सोपवायचे. हा क्रम उलटा झाला की विमान कधीच शांत होत नाही.

आता इंजिनाची ताकद वाढवा आणि काठीला हात लावू नका. विमान फार वेगाने पळत नाही, ते साधारण त्याच वेगाने वर चढू लागते. ताकद कमी करा, ते खाली येऊ लागते. ट्रिम खरे तर वेग धरून ठेवतो, हे या प्रयोगात डोळ्यांनी दिसते. चढण्या-उतरण्याचा दर दाखवणारा काटा काही सेकंद मागे असतो, म्हणून त्याच्या मागे धावू नका. नजर क्षितिजावर ठेवा आणि विमानाच्या नाकाची क्षितिजाशी असलेली जागा लक्षात घ्या.

डुलणे सुरू झालेच तर काठीने ते थांबवायचा प्रयत्न सोडा. वैमानिकाच्या हातानेच वाढत जाणारी ही डोलणी खऱ्या विमानांतही होतात, आणि नीट ट्रिम केलेल्या, उंचीवरच्या विमानात हात सैल सोडणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

विमान बदलले की नियम बदलतो. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए३२० मध्ये साइडस्टिक आहे. ती घरच्या जॉयस्टिकसारखीच स्प्रिंगने मध्यावर येते, आणि तिच्या हालचालीचा अर्थ संगणक लावतो. नेहमीच्या उड्डाणात ती सोडली की विमान आहे तो मार्ग धरून ठेवते आणि ट्रिम आपोआप होतो. तिथे हाताने ट्रिम करू नका. छोटासा इशारा द्या, सोडा, बघा. हेलिकॉप्टरमध्ये ट्रिमचे बटण दाबून लगेच काठी मध्यावर सोडावी लागते, नाहीतर हालचाल दुप्पट होते.

वळण

३० अंशांपर्यंत झुकून वळण्याचा सराव करा. काठी बाजूला न्या, हवा तेवढा झुकाव आला की मध्यावर परत आणा. वळणभर ती बाजूला धरून ठेवली तर विमान झुकतच जाते. एलरॉन झुकावाचा दर ठरवतो, झुकाव नव्हे. झुकताच नाक किंचित खाली जाऊ लागते, तेव्हा थोडे मागे ओढा. ६० अंशांच्या समतल वळणात पंखांवर वजनाच्या दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) सुमारे ४१ टक्के वाढतो, म्हणून कमी उंचीवर, कमी वेगात तीव्र वळण घेऊ नका.

झुकायला सुरुवात करताना नाक क्षणभर उलट्या बाजूला जाते, कारण खाली गेलेले एलरॉन जास्त ओढ निर्माण करते. त्या वेळी वळणाच्या दिशेने हलका पीळ द्या. पॅनेलवरची छोटी गोळी ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला रडर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ठरलेली दिशा येण्याआधी साधारण झुकावाच्या निम्मे अंश शिल्लक असताना सरळ व्हायला लागा, म्हणजे ३० अंशांच्या झुकावात १५ अंश आधी.

उड्डाण

जमिनीवर काठीने विमान वळत नाही, रडरने वळते. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत सावकाश पूर्ण पुढे न्या. प्रोपेलरच्या परिणामामुळे नाक डावीकडे ओढले जाईल, उजवा पीळ देत मध्यरेषा धरा. १७२ एसमध्ये ५५ नॉटला काठी हलकेच मागे घ्या. झटका देऊ नका, नाक उचलले जाईपर्यंत दाब हळूहळू वाढवा. चढताना ७४ नॉटचा वेग धरा आणि तिथे पुन्हा ट्रिम करा. पहिल्या चढाईतच ट्रिम करण्याची सवय लागली की पुढचे सगळे उड्डाण सोपे जाते.

उतरणे

चांगले उतरणे धावपट्टीच्या बरेच आधी ठरते. सरळ रेषेत, पूर्ण फ्लॅप, ६५ नॉट आणि काठी मध्यावर, अशा स्थितीत शेवटच्या टप्प्यावर आलात तर अर्धे काम झाले. १७२ एसमध्ये पहिला १० अंश फ्लॅप ११० नॉटच्या खाली आणि त्यापुढचे ८५ नॉटच्या खाली उघडा. प्रत्येक टप्प्याला नाक आपली जागा बदलते, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर ट्रिम.

३ अंशांच्या उतारासाठी जमिनीवरच्या वेगाला ५ ने गुणा. ६५ नॉटला मिनिटाला सुमारे ३२५ फूट. धावपट्टीशेजारी पापी (PAPI) दिवे, म्हणजे उतार बरोबर आहे का ते दाखवणारे चार दिवे, असतील तर दोन पांढरे आणि दोन लाल दिसले पाहिजेत. पांढरे वाढले तर तुम्ही उंच आहात, लाल वाढले तर खाली. या टप्प्यात वेग काठीने आणि उतार थ्रॉटलने सांभाळा. दोन्ही हातांच्या दुरुस्त्या लहान ठेवा, आणि एक दुरुस्ती केली की तिचा परिणाम दिसेपर्यंत थांबा.

धावपट्टीचे टोक ओलांडताना नजर पुढच्या, दूरच्या टोकाकडे न्या. जवळ बघत राहिलात तर उंचीचा अंदाज चुकतो. जमिनीपासून १० ते १५ फुटांवर थ्रॉटल पूर्ण मागे घ्या आणि काठी सावकाश मागे आणायला लागा. वेग कमी होत जातो तसा एलिव्हेटर बोथट होतो, म्हणून काठी आणखी मागे, आणखी मागे आणावी लागते. हात एका जागी थांबवायचा नाही, पण विमान वर उचलले जाऊ लागले तर मागे ओढणे तिथेच रोखायचे. पुढे ढकलायचे नाही. मागची दोन चाके आधी टेकली पाहिजेत. टेकल्यावरही काठी सोडू नका, नाकाचे चाक हळूच खाली येऊ द्या.

बाजूने वारा असेल तर नाक वाऱ्याकडे वळवून या. टेकण्याच्या क्षणी रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत आणा आणि काठी वाऱ्याच्या बाजूला ठेवा. जमिनीवर वेग कमी होईल तशी ती त्याच बाजूला अधिक न्या. हा सराव ५ नॉटच्या वाऱ्यापासून सुरू करा.

विमान जोरात उसळले किंवा धावपट्टीची मध्यरेषा सुटली तर ते वाचवत बसू नका, पुन्हा वर जा. थ्रॉटल पूर्ण पुढे नेताच नाक एकदम वर उसळेल, कारण ट्रिम अजून उतरण्याच्या वेगासाठी लावलेला आहे. काठी ठामपणे पुढे दाबून नाक क्षितिजाच्या जरासेच वर रोखा आणि उजवा पीळ विसरू नका. फ्लॅप लगेच २० अंशांवर आणा, सुमारे ६० नॉटचा वेग धरून चढा, वाटेतले अडथळे मागे पडेपर्यंत १० अंश ठेवा आणि सुरक्षित उंचीवरच फ्लॅप पूर्ण मिटवा. अंगठा तोवर नाक खाली नेणाऱ्या ट्रिमवर चालू ठेवा.